ओणवेकाकांचं नाक

ओणवेकाकांचं आडनाव ओणवे नव्हतं. हॉलंडमधल्या आल्मेरे गावातल्या आमच्या सुपरमार्केटात वाइनच्या कप्प्यांपुढे ते कायम ओणवे झालेले असत, म्हणून कुणीतरी हे नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की पुण्याहून नव्याने आलेली मंडळी त्यांना विचारत, ‘ओणवे म्हणजे कोकणातले का हो तुम्ही?’ काका ‘हो’ म्हणत, कारण ते खरोखरच चिपळूणचे होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला भोवळ आली. साठीकडे झुकलेले गृहस्थ, एक हात गुडघ्यावर, डोकं जवळजवळ जमिनीला टेकलेलं. माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. ते तसेच वाकलेले राहून म्हणाले, ‘काही झालेलं नाही. वरच्या बाटल्या आपल्याकडे बघत असतात. खालच्यांकडे आपण बघायचं असतं.’ मग उठून माझ्या टोपलीतली महागडी बाटली त्यांनी न विचारता वर ठेवून दिली आणि साडेचार युरोंची एक माझ्या हातात दिली. मला राग आला. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या टोपलीत हात घालतो. पण घरी जाऊन नवऱ्याने आणि मी ती बाटली उघडली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झुइडासच्या ऑफिसातून परतताना मी काकांना शोधत पुन्हा सुपरमार्केटात गेले.

काका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि तीस वर्षं हॉलंडात राहिलेले. वाइनचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं नव्हतं. त्यांचा पहिला नियम साधा होता. ‘नावाजलेल्या गावाच्या शेजारचं गाव बघायचं. ऊन तेच, माती तीच, पाटी तेवढी वेगळी. डेक्कनवर जागा परवडली नाही म्हणून माणूस काही वाईट नसतो.’ दुसरा नियम म्हणजे बाटलीची पाठ वाचायची, कारण पुढे चित्र असतं आणि मागे खरं लिहिलेलं असतं. ज्याने द्राक्षं पिकवली त्यानेच बाटली भरली असेल, तर काका ती बाटली जरा वेळ हातात धरून ठेवत.

तिसरी युक्ती ते सहसा कुणाला सांगत नसत. आमच्या कोपऱ्यावर रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायचं मोठं पिंप आहे. शनिवारी सकाळी काका आपल्या दोन बाटल्या घेऊन तिथे अर्धा तास रेंगाळत आणि शेजारपाजारचे लोक काय टाकतात ते बघत. ‘डच माणूस वाईट वाइन एकदा घेतो. दुसऱ्यांदा तीच बाटली पिंपात दिसली, की समजायचं.’ शेजारची हेनी नावाची निवृत्त शिक्षिका त्यांना तिथेच भेटली. सारखे माझ्या पिशवीत काय डोकावता, असं तिने तोंडावर विचारलं, काकांनी खरं ते सांगितलं, आणि त्यांची गट्टी जमली.

वाइनबद्दल बोलताना त्यांना इंग्रजी चालत नसे. कुणी ‘फ्रूटी’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ‘फळाला नाव असतं की नाही? करवंद की जांभूळ? पिकलेलं की हिरवं?’ इथे दुकानात ‘कोरडी वाइन’ म्हणतात, त्यावर त्यांचं म्हणणं असे की पातळ पदार्थ कोरडा कसा असेल. आणि लाल वाइनने जीभ आवळली जाते त्याला आपल्याकडे एवढा चांगला शब्द आहे, तुरट. तो हेनीलाही त्यांनी शिकवला होता. ती ‘तुरात’ म्हणायची आणि बरोबर तिथेच म्हणायची.

एकदा मला त्यांची परीक्षा घ्यायची खुमखुमी आली. नवऱ्याचे मोजे चढवून मी दोन बाटल्या झाकल्या आणि विचारलं, यातली महाग कुठली. काकांनी दोन्ही पेले हुंगले, प्यायले मात्र नाहीत. म्हणाले, ‘एकच आहेत. ही आज उघडलीस, ती काल उघडून फोडणीशेजारी ठेवली होतीस. आणि मोजे धुवायला टाक.’ तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझा नवरा पुण्याचा, सहसा कुणाला मानत नाही. त्या दिवशी त्याने स्वतः उठून मोजे धुवायला टाकले.

काकांचा साठावा वाढदिवस आला. त्यांच्या घरी रविवारी दुपारी डच पद्धतीने खुर्च्या गोलात मांडलेल्या, मध्ये केक आणि काकूंची सुरळीची वडी. आम्ही बारा मराठी माणसं आणि हेनी. काकांनी एक लाल वाइन उघडली, सगळ्यांना दिली. मी पेला नाकाशी नेला आणि मला ओल्या गोणपाटाचा वास आला. प्यायले तर तशीच चव. बूच खराब असलं की होतं असं, काकांनीच शिकवलं होतं. पण समोरचा एकजण म्हणाला, ‘वा, जांभूळ.’ त्याच्या शेजारचा म्हणाला, ‘किंचित करवंद.’ मला वाटलं, मलाच कळत नसेल. ओणवेकाकांची बाटली खराब कशी निघेल? तेवढ्यात काका माझ्यापाशी आले, वाकले, आणि हळू आवाजात म्हणाले, ‘खरं सांग, कशी आहे?’

मी म्हटलं, ‘छान आहे काका.’

हेनीने एक घोट घेतला, पेला टेबलावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘हिला बूच लागलंय.’ त्यात राग नव्हता, दयाही नव्हती. बाहेर पाऊस आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं. आम्ही बारा जण आपापल्या पेल्यात बघत राहिलो. काका सरळ झाले, एकेकाच्या हातातून पेला घेतला आणि आत जाऊन सगळी वाइन मोरीत ओतली. स्वयंपाकघरात काकू मला म्हणाल्या, ‘तीन महिने झाले गं. ती सर्दी झाली होती ना, तेव्हापासून यांना वासच येत नाही. परवा आमटी करपली, हे शेजारीच बसलेले.’

मला रात्रभर लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. काका रागावले नाहीत, त्याने उलट जास्त लागलं. म्हणाले, ‘मला नाक नव्हतं म्हणून तुला विचारलं. तू माझा मान राखलास. मला मान नको होता गं, नाक हवं होतं.’

डॉक्टरांनी सांगितलं होतं, वास परत येईल किंवा येणारही नाही, सराव करून बघा. काकांनी चार बरण्या केल्या, लवंग, लिंबाची साल, गुलाबाच्या पाकळ्या आणि निलगिरी. रोज सकाळी चहाआधी एकेका बरणीत नाक घालून, डोळे मिटून, ते तो वास आठवत. मी ते पाहिलं आहे. ज्यातून काहीही येत नाही अशा बरणीवर एवढ्या मनापासून वाकलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला ऑफिसात दोन दिवस एखादी गोष्ट जमली नाही तर मी तोंड पाडून बसते. काका वर्षभर त्या बरण्या उघडत होते.

आणि शनिवारी ते मला घेऊन सुपरमार्केटात जात. बाटली ते निवडत, घरी वास मी घेई आणि ते प्रश्न विचारत. ‘फळ ताजं की शिजवलेलं? धूर आहे का? लाकडाचा की उदबत्तीचा?’ मी चाचपडत उत्तरं देई, आणि आठ-दहा प्रश्नांत ते ती वाइन अशी सांगत, की मला पेल्यात आधी न सापडलेलं पुढच्या घोटात सापडे. वास न घेता. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत बसायची. एकच अट होती, वाईट असेल तर वाईट म्हणायचं. पहिल्यांदा म्हणताना माझी जीभ अडखळली. काकांनी लगेच मोरी दाखवली आणि म्हणाले, ‘ओत. आता तुला विचारण्यात अर्थ आहे.’

निवृत्त झाल्यावर काका-काकूंनी पुण्याला मुलीजवळ राहायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला मी गेले होते. त्या चार बरण्या काकांनी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत घेतल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला उठवलं, डोक्यावर हात ठेवला आणि अचानक थांबले. चेहरा असा झाला की मी घाबरले.

‘खोबरेल लावलंयस ना आज?’ ते म्हणाले. ‘वास येतोय मला.’

मी केसांना काहीही लावलेलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि ‘हो’ म्हणावं असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मलाही म्हणायचं होतं. आयुष्यात इतकं कधी खोटं बोलावंसं वाटलं नव्हतं.

‘नाही काका,’ मी म्हटलं. ‘काही लावलेलं नाही.’

मग त्यांनी माझा गाल थोपटला आणि बरण्यांची पिशवी उचलली.

‘अजून नाही तर,’ ते म्हणाले, आणि काकूंबरोबर आत गेले.