मीटरमावशी

मीटरमावशी कुणाच्याही घरी गेल्या की टेकायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावत आणि विचारत, "फ्रिज किती जुना हाये?" माणसांची विचारपूस त्यानंतर. हे नाव मीच त्यांना ठेवलं होतं, चांगलं खोचकपणे. पण जाफराबादच्या आमच्या गल्लीनं ते इतक्या प्रेमानं उचललं की त्यातली खोच कधी गळून पडली ते कळलंच नाही. त्याही त्या नावाला हसत ओ देऊ लागल्या. मला तेही आवडलं नाही.

आई तिथं एकटी राहते आणि मी, तिची एकुलती एक लेक, जालन्यात शाळेत शिकवते. मावशींचं घर आईच्या भिंतीला भिंत लावून. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. तिथली सगळी माहिती मोबाइलवर भरून भरून त्यांची बोटं तयार झाली होती. गल्लीत स्मार्ट मीटर आले तेव्हा 'हे मीटर पळतं' अशी ओरड झाली. मावशींनी सगळ्यांच्या आधी आपल्या घरी बसवून घेतलं आणि ओट्यावर बसून तासातासाची वीज मोबाइलवर रेघेच्या चढउतारात सगळ्यांना दाखवली. "मीटर पळत न्हाई बाई. त्याला घरात कोन पळवून राह्यलं, ते दिसतं फक्त." पूर्वी रीडिंगवाला यायचा, दाराला कुलूप दिसलं की अंदाजे आकडा टाकून जायचा आणि बिल हातात पडलं की आई दिवसभर चरफडायची. ते थांबलं. मी मान्य करते, पण दात-ओठ खाऊन.

दिवसा वापरलेल्या विजेला सवलत आहे हे कळल्यावर तर मावशींनी गल्लीची दुपारची झोपच उडवली. धुणं दुपारी, पाण्याची मोटर दुपारी, घरघंटीही दुपारी. मी मधल्या सुट्टीत फोन करावा तर पलीकडून घरघर आणि तिच्यावर आईचा आवाज: "मंग बोल गं, दळन चालू हाये. मावशी म्हन्ते, आत्ता वीज सस्ती हाये." मावशी म्हणते! या वयात घरी दळू नकोस, बाहेरून आण, असं सांगून मी थकले होते. माझं कधी ऐकलं नाही. आणि यांनी नुसती वेळ सांगितली, तर घड्याळ लावून दळायला बसली.

खरा घाव मात्र फ्रिजचा. मी नवा घेतला तेव्हा जुना आईला नेऊन दिला होता, टेम्पो करून, स्वतः सोबत बसून. आईच्या फोनला फक्त बटणं, म्हणून तिचं मीटर मावशींच्या मोबाइलवर जोडलेलं. घरात काहीच चालू नसताना आईची रेघ खाली उतरत नाही, हे मावशींनी हेरलं. "अक्का, ह्यो फ्रिज तुमचा सदा धापा टाकून राह्यला," एवढं त्या म्हणाल्या आणि आईनं फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. पुढच्या खेपेला गेले तर आईचं दूध-दही मावशींच्या फ्रिजमध्ये, आणि आई दिवसातून चार वेळा त्यांच्या घरी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बिल कमी आलं म्हणून आई मला आनंदानं सांगत होती आणि मी भिंतीकडे बघत होते.

मग त्या हिवाळ्यात एका सकाळी मी नेहमीसारखा फोन केला. "बरी हाये. आंघोळ झाली, चहा झाला," आई म्हणाली. मी निश्चिंतपणे शाळेत गेले. मावशींनी मात्र मोबाइल उघडला. आईची रेघ उठलीच नव्हती. गिझर नाही, विजेची शेगडी नाही. लाइट गेली म्हणावं तर त्यांच्या घरात होती. थंडीत आई गार पाण्यानं आंघोळ करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या दारानं आत गेल्या तर आई तापानं फणफणलेली, अंथरुणातून उठायचीही ताकद नाही.

मावशींचा फोन आल्यावर मी एसटीनं पोहोचेपर्यंत दवाखान्यात आईला सलाईन लागलं होतं. आईचा हात मावशींच्या हातात होता. त्यांच्या पाया पडायला हवं होतं मी. पण मला आधी दिसला तो त्यांच्या हातातला हात. "ती मला बरी आहे म्हणाली होती," मी जवळजवळ भांडलेच. मावशींनी आवाज चढवला नाही. "ताई, तुमी रोज फोन करता, बराबर हाये. पन अक्का तुमच्याशी खोटं बोलत्यात. लेकीला घोर लागू नये म्हनून. मला काही बोलतच न्हाईत, मंग मी रेघ पाहते."

मागच्या वर्षी मावशी लेकाकडे पुण्याला राहायला गेल्या. अख्खी गल्ली रडली. खरं सांगते, मला हलकं वाटलं. जाताना त्यांनी आईचं मीटर माझ्याही मोबाइलवर जोडून दिलं, कुठं बघायचं ते समजावलं. मी त्याच आठवड्यात जाफराबाद गाठलं, बॅग उघडली आणि आईच्या साड्या भरायला लागले. आता शेजारही नाही, आता तरी चल. आईनं एकेक साडी परत काढून कपाटात ठेवली.

"तुह्या घरात समद्यांची मिळून एकच रेघ," ती म्हणाली. "त्यात माझी कोन्ती, कोन वळखंल? हितं माझी एकटीची हाये. अन् ती बाई पुण्याहून पाहून राह्यली."

मी रिकामी बॅग घेऊन परतले.

आता मी रोज सकाळी चहा गाळायच्या आधी मोबाइल उघडते. रेघ उठलेली दिसली की जिवात जीव येतो आणि लगेच आईला फोन लावते. बहुतेक दिवशी तो बिझी असतो.