फीवरचा कर आणि मारुतीचे रोडगे

आमचं गाव अमरावती आणि अकोला यांच्या अगदी मधोमध. त्यामुळे गावात कुठलाही वाद निघाला की निम्मे लोक अमरावतीचा दाखला देत आणि निम्मे अकोल्याचा. खरं काय ते तिथे जाऊन बघून यायची पद्धत नव्हती. महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोनेक वर्षं आधी, खाजगी शाळांच्या फीवर नगरपालिकेनं कर बसवावा की नाही, हा वाद पेटला तेव्हाही तेच झालं. "अमरावतीले असा कर कधीचाच चालू हाये," असं एक जण छातीठोकपणे सांगे, तर दुसरा म्हणे, "अकोल्यानं तो केव्हाच हाणून पाडला." पुढे मी दोन्ही गावांत नोकरी केली. असा कर तिथे कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता.

हा वाद गावात पेटायच्या आधी आमच्या घरात पेटला होता, कारण आमच्या घरात दोन्ही पक्ष एकाच चुलीवरचं जेवत. माझे बाबा नगरपालिकेच्या मुलांच्या शाळेत मास्तर. त्या शाळेचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर वानरांनी नाचून नाचून पार खिळखिळं केलं होतं. पावसाळ्यात बाबा एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात छत्री धरून शिकवत आणि वर्ग कोरड्या कोपऱ्यातून कोरड्या कोपऱ्यात सरकत राही. ते छप्पर दुरुस्त व्हावं म्हणूनच हा कर निघाला होता. साहजिकच बाबा कराच्या बाजूचे.

माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, कराच्या विरुद्ध. तिला चौथीतून काढून लग्न लावून दिलं होतं आणि सतराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. मग तिनं हट्टानं सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा दिली आणि तेलाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत मुलींची शाळा काढली. नगरपालिकेची मुलींची शाळा चौथीला संपत असे. पाचवी ते सातवी शिकायचं तर गावातल्या मुलींना आत्याची शाळा, नाहीतर चूल. मीही तिथेच होते. सगळं गाव तिला मास्तरीणबाई म्हणे. बाबा तिला बाई म्हणत आणि वाद घालतानाही नजर वर करत नसत.

"बाई, पोट्ट्यायच्या डोक्यावर पाणी पडून राहिलं, अन् तुमी कराले नाई म्हणता?" बाबा ताटाकडे बघत विचारत.

"भाऊ, फी वाढली तं माह्या शाळेत पोट्टीच राह्यनार नाई. मंग छप्पर असून मी शिकवू कोणाले?" आत्या म्हणे.

आई दोघांच्या ताटात सारखीच भाकरी वाढे आणि गप्प राही. त्या घरात शहाणं माणूस तेवढं एकच होतं, असं माझं आजही मत आहे.

हा ठराव आणणारा नगरपालिकेचा मेंबर म्हणजे गुरांच्या सरकी-ढेपीचा व्यापारी. आवाज असा की गुजरीत वांग्याचा भाव विचारला तरी स्टेशनावर ऐकू जावा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मला तो रावणासारखा वाटे. तो त्याच गळक्या छपराखाली शिकला होता आणि ते नीट करून दाखवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. त्याची मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. चौथी पास झाल्यावर त्यानं तिला घरी बसवलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. आम्ही शाळेतून परतायच्या वेळी ती ओट्यावर उभी असे आणि आज कोणता धडा झाला ते विचारी. मी सांगत असे. सांगताना मला फार वाईट वाटे, आणि न सांगता पुढे जाणंही जमत नसे.

गुजरीच्या मैदानात जाहीर सभा झाली. सगळं गाव लोटलं. मेंबरनं छपरावर असं भाषण केलं की ऐकणाऱ्यांनी वर आभाळाकडे बघितलं. मग ज्याची नात आमच्या शाळेत होती तो गादीवाला चाचा उठला. "अरे भाई, कवेलू बंदर तोडते, तो टॅक्स बंदर पे लगाओ ना!" सभा हसून हसून कोलमडली. एकानं कर अमरावतीसारखा असावा म्हटलं, दुसऱ्यानं अकोल्यासारखा नसावा म्हटलं, आणि दोघांनाही टाळ्या पडल्या.

शेवटी आत्या उभी राहिली. बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या, तिथूनच ती बोलली. आवाज चढवला नाही.

"छप्पर झालंच पाह्यजे, त्याले माहं नाई म्हणणं नाई. पण फी वाढली म्हणजे शाळेतून पोरगा निघत नाई, पोरगी निघते. घरात चार लेकरं असली अन् छत्र्या तीनच असल्या, तं भिजते कोण, हे मी तुमाले सांगाले पाह्यजे का?"

मेंबर मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "चौथीपर्यंत शाळा फुकट हायेच ना, मास्तरीणबाई! पोरीच्या जातीले आणखी किती शिकवता?"

आम्ही सगळ्या मुलींनी एकदम आत्याकडे पाहिलं. त्याच्या घरच्या ओट्यावर कोण उभं असतं, हे एका वाक्यात सांगून तिला त्याचं तोंड बंद करता आलं असतं. तिनं ते केलं नाही. ती खाली बसली. मला तिचा इतका राग आला की घरी जाईपर्यंत मी तिचा हात धरला नाही.

आता रोडग्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे मोठी अडचण आली की मारुतीला रोडग्यांचा नवस बोलतात. जाडसर कणकेचे गोळे गौऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप घालायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. जेवायला सगळं गाव. आणि आमच्या गावात एक जास्तीचा नियम होता: ज्याच्या नवसाचे रोडगे खाल्ले, त्याच्यासाठी हात धुताना 'तुमच्या मनासारखं होवो' असं मोठ्यानं म्हणायचं. तसं म्हटलं की त्याच्या नवसात तुमचाही वाटा पडला. मग त्याच्या विरुद्ध बोट उचलायचं नाही.

आत्यानं कराचा ठराव पडावा म्हणून मारुतीला रोडगे बोलले. त्याच आठवड्यात मेंबरनं कर पास व्हावा म्हणून त्याच मारुतीला रोडगे बोलले. पुजाऱ्यानं दोघांचे नारळ फोडले आणि दोघांना खोबरं दिलं. गावाला ही बातमी कळली मात्र, वादाची सगळी धग गेली. कर बसला काय नि पडला काय, रोडगे नक्की होते. लोक आता 'कर होईल का' असं विचारत नसत, 'कधी' असं विचारत. गौऱ्यांचे ढीग देवळामागे आपोआप रचले गेले. आईनं कणीक दळून आणली.

ठरावाच्या दिवशी नगरपालिकेत दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली. अध्यक्ष सुपारी व्यापारी होते, म्हणजे काहीही कातरून दोन सारखे भाग करण्यात हयात गेलेली. त्यांनी पावसाळ्यानंतर विचार करू म्हणून ठराव तहकूब केला.

गाव जेवढं चिडलं तेवढं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कर पास झाला असता तरी कोणी एवढं बोललं नसतं. "असं कसं तहकूब? वांगे सडून राहिले ना!" लोक पुजाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "ठराव तहकूब, नवस तहकूब. देवानं काम केलं नाई तं देव कसा खाईन?"

संध्याकाळी आत्या शाळेतून आली, कणकेच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "मी आधीच फेडून टाकते नवस. मंग पाह्यते मारुती माहं काम कसं करत नाई ते."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "बाई, नवस काम झाल्यावर फेडतात."

"कणकेत कीड पडल्यावर फेडू का?" आत्या म्हणाली. आई हसली आणि प्रश्न निकालात निघाला.

अडचण पुढेच होती. रोडगे पुरुषांनी भाजायचे आणि गावात त्या कामाला एकच हात होता, मेंबरचा. आर किती खाली बसला म्हणजे रोडगा आतून कच्चा राहत नाही नि वरून करपत नाही, हे त्यालाच कळे. दुसऱ्या कोणी भाजले की दातांचं काम वाढे. आत्या स्वतः त्याच्या दुकानात गेली. मी सोबत होते.

"मेंबर, रविवारी रोडगे हायेत माह्या नवसाचे. भाजाले येता का?"

त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "माह्याच ठरावाच्या विरोधातले रोडगे मीच भाजू काय?"

"दुसऱ्यानं करपवले तं मारुती तुमाले दोष देईन."

तो गडगडून हसला. आला. धोतर खोचून भल्या सकाळपासून आरापाशी बसला आणि शत्रूचे रोडगे स्वतःच्या लेकरांसारखे उलटेपालटे करत राहिला. बाबांनी वरणाची बादली उचलली आणि वाढायलाच लागले, कारण वाढणाऱ्याला शेवटी जेवायचं असतं आणि तोवर काहीतरी मार्ग निघेल, अशी त्यांची अटकळ होती. सख्ख्या बहिणीचा रोडगा टाळणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

पहिली पंगत नेहमी मानकऱ्यांची. आत्यानं पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि आम्हा मुलींना बसायला सांगितलं. नगरपालिकेची मेंबर मंडळी उभीच राहिली. "मास्तरीणबाई, हे काय?" कोणीतरी विचारलं. "नवस या पोरींसाठी हाये, तं पह्यले बसतीन बी याच," ती म्हणाली. चाचाची नात माझ्या एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी होती. मेंबरची मुलगी पाण्याची घागर घेऊन फिरत होती. मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

ती जेवली. आम्ही सगळ्या जेवलो. हात धुताना आम्ही एका सुरात ओरडलो, "बाईच्या मनासारखं होवो!" त्यात एक आवाज सगळ्यांहून मोठा होता. आवाज बापाचाच होता, लेकीच्या गळ्यातून आलेला. आरापाशी बसलेल्या मेंबरनं चिमटा खाली ठेवला. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होता आणि ती आता त्याच्याकडे बघून रडत होती. तिला काय हवं होतं ते तिनं ओरडून सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकलं होतं.

शेवटच्या पंगतीला आत्यानं त्याचं पान मांडलं. तो पानासमोर बसून राहिला.

"थंडा होऊन राहिला रोडगा, मेंबर," आत्या म्हणाली.

"खाल्ला तं म्हणा लागते ना ते?" त्यानं विचारलं. अख्ख्या गावाला ऐकू जाणारा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

"म्हणा लागते."

त्यानं खाल्लं. हात धुतले आणि म्हटलं. बाबांची बादली हातातच राहिली. "अन् माह्या छपराचं काय?" ते कळवळून म्हणाले, आणि सगळे हसले.

आत्यानं देवळामागच्या उरलेल्या गौऱ्यांकडे बोट दाखवलं. "खायासाठी इतक्या गौऱ्या जमल्या. कवेलू काहून जमत नाई?" पुढच्या रविवारी घराघरांतून कवेलू निघाले. मेंबर स्वतः छपरावर चढला आणि खालून बाबा त्याला नको त्या सूचना देत राहिले. वानरांनी पुढे काही वर्षांत ते पुन्हा फोडले, पण तो पावसाळा बाबांनी छत्रीशिवाय शिकवलं. छप्पर झालं त्या संध्याकाळी त्यांनी आत्याकडे उरलेला रोडगा मागितला. ती म्हणाली, तो केव्हाच गाईला घातला.

तहकूब झालेला ठराव पुन्हा कोणी काढला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मेंबर मुलीला घेऊन दारात उभा होता. तिच्या हातात नवी पाटी होती आणि ती माझ्याकडे बघून हसू आवरत होती.

"फी सांगा, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "कर धरून सांगा."

आत्यानं फी सांगितली. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कर वेगळा हाये. सातवी होईस्तोवर इचं लगन काढाचं नाई."

दुकानातून घाण्याच्या तेलाचा वास येत होता. मेंबर खाली बघत होता, अगदी बाबांसारखा. मग त्यानं मान हलवली आणि दाराबाहेर जाऊन डोळे पुसले.

पुढे दोन स्थळं आली, दोन्ही चांगल्या घरची. त्यानं ती परत पाठवली. त्या गावात तो कर भरणारा तो पहिला बाप, आणि त्यानं तो पुरता भरला.