पायाखालचा पाट

पनवेलच्या आसपासच्या ऑफिसांतले प्रिंटर आणि झेरॉक्स मशिनं दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मशीन बंद पडलं की लोक ठोकून देतात, पॉवरचा प्रॉब्लेम आहे. निम्म्या वेळा प्लगच निघालेला असतो. त्यामुळे गिऱ्हाइकाचं कमी आणि मीटरचं जास्त ऐकायचं, अशी मला सवय लागली होती. तिचा गर्वही होता.

कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाळ्यात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, छापायचं मोठं मशीन होतं. ते चालवणाऱ्या ताई कर्नाळ्याकडच्या गावातल्या, माझ्याहून मोठ्या. आत देव्हारा असल्यामुळे चपला दारात काढायच्या, हा शेठचा दंडक. एकदा मशीन मधेच बंद होतं म्हणून मी गेलो, प्लगची सैल वायर घट्ट केली, काम झालं. निघताना ताई म्हणाल्या, "दादा, हिला हात लावला का मुंग्या येतान. मना काय व्हनार नाय ना?"

मी हात लावून पाहिला, मला काही लागलं नाही. मीटरवर मात्र मशीनच्या पत्र्यात शंभरच्या वर व्होल्ट दिसले. गाळ्यात अर्थिंग नव्हतं, आणि ते नसलं की असे व्होल्ट दिसतातच. त्यात जोर नसतो. शेठना म्हटलं, अर्थिंग करून घ्या. फरशी फोडावी लागेल, दिवाळीनंतर बघू, असं ते म्हणाले. मीही ताणून धरलं नाही. खारघरला दुसरं मशीन वाट बघत होतं.

"काही होत नाही, ताई. पायाखाली लाकडी पाट घ्या, म्हणजे झालं."

कागदावर 'मशीन ओके' लिहून मी सही ठोकली. ताईंनी दुसऱ्याच दिवशी घरून पाट आणला.

दसरा झाला आणि फोन आला, मशीन बंद आहे, बघून जा. गेलो तेव्हा गाळ्याचा हिशेब बघणाऱ्या मुनीमजींनी सगळं सांगितलं. दसऱ्याला सकाळी गाळा धुतला, ट्रकना हार घातले. पूजा मांडायला पाट हवा होता आणि गाळ्यात पाट तो एकच. ताईंनी स्वतः तो धुऊन देवाला दिला. मग मशीनला झेंडूची माळ घालायला त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर ताई गेल्या होत्या. तो स्विच नंतर कुणी लावलाच नव्हता. मशीन बंद होतं ते एवढ्यामुळेच.

स्विच लावून मी पत्र्याला मीटर टेकवला. पूर्ण दोनशे तीस. पुन्हा बंद करून मागचं झाकण उघडलं, तर हीटरची वायर पत्र्याला घासून सोलली गेली होती. मागच्या खेपेला मी ते झाकण उघडलंच नव्हतं. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, आणि ताईंनी फोन करून मला चार शब्द सुनावले असते.

मी वायर बदलली. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा मारला. एक दुपार पुरली. मला स्वतःची शिसारी आली.

मशीन चालू केलं तरी जवळ कुणी येईना. मुनीमजींनी विचारलं, "आता हात लावायला हरकत नाही ना?"

मी मोजे काढले, अनवाणी उभा राहिलो आणि पत्र्यावर तळवा ठेवला. काही लागलं नाही. ताईंनी विचारलं होतं त्या दिवशी मी मोजे काढले नव्हते.