डब्याशी बोलणारी बाई

हे तुम्हा दोघा नातवंडांसाठी आहे, पण मानसशास्त्र शिकणाऱ्या थोरलीनं जास्त नीट वाचावं.

दिवाळीत तू अणदूरला आलीस आणि माझ्या टेबलावर एक बोलणारा, ऐकलेलं साठवून ठेवणारा डबा ठेवून गेलीस. म्हातारी माणसं यंत्राला जीव लावतात का, हा तुझा अभ्यास. माझ्याकडे येऊन बसणाऱ्या शेजारणीचीही संमती हवी होती. गावातल्या बायकांचे कागद मी वाचते आणि मी बोट ठेवीन तिथं त्या सही करतात. शाळेतून निवृत्त झाले तरी ती रीत मोडलेली नाही. तुझा इंग्रजी फॉर्म चार पानांचा होता. रेकॉर्डिंग वर्गात ऐकवण्याची परवानगीही त्यात होती. मी सगळा वाचला. शेजारणीला एवढंच म्हटलं, "नातीच्या अभ्यासाचं आहे, कर सही."

ती रोज दुपारी सूप घेऊन शेंगा फोडायला माझ्याकडे येई. पहिल्या दिवशी डब्याला म्हणाली, "काय पाव्हणं, चा घेता का?" मग त्याला विसरली. सुनेचं, गुडघ्याचं, वारलेल्या लेकीचं, सगळं बोलली. मी हुंकार देत होते.

मार्चमध्ये तू वर्गातल्या भाषणाचा व्हिडिओ पाठवलास. मी कौतुकानं तिला बोलावून दाखवला. तिचा आवाज आला, लेकीबद्दलचा. माझे हुंकार तू कापून टाकले होतेस. मग तू इंग्रजीत बोललीस.

"काय म्हणती पोरगी?"

आयुष्यभर अर्थ सांगत आले, तेव्हाही नीट सांगितला: ऐकायला कुणी नाही म्हणून ही बाई यंत्रापाशी मन मोकळं करते.

"डब्यापाशी?" ती म्हणाली. "मग रोज समोर कोण बसलं हुतं, बाई?"

"अगं, तिची चूक झाली."

"सही कर म्हणलाव तवा तुमी वाचलं हुतं नव्हं?"

सूप उचलून ती गेली.

फोनवर तू म्हणालीस, "आजी, तिचं नाव कुठंच नाही, सगळं नियमात आहे." असेल. ऐकणारं माणूस कापलं की एकटेपणा सिद्ध करायला कष्ट पडत नाहीत, हे तुझ्या वर्गात कुणी म्हटलं नाही.

आठ दिवसांनी मी तिच्याकडे गेले. एरवी मी थेट चुलीपाशी पाटावर बसायची. तिनं ओसरीवर खुर्ची मांडली, पदरानं पुसली. चहा सुनेकरवी आला, बशीसकट.

"यंदा ऊन लई हाय," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. चहा संपवून उठले. तिनं बसा म्हटलं नाही.