हात आडवा धरणारं भूत

शामसुंदरराव साठी ओलांडल्यावर भुताच्या नादी लागले, ही बातमी कुंभकोणच्या आपल्या मराठी मंडळींत त्रिपुरसुंदरीबाईंनी पसरवली. बाईंचं घर रावांच्या पितळी भांड्यांच्या दुकानासमोर, तेव्हा बातमी ताजीच असायची. दुपार झाली की दुकान गड्यावर टाकायचं, धुतलेलं धोतर नेसायचं, केसांना तेल चोपडायचं आणि टॉकीज गाठायचं. चित्रपट रोज तोच, भुताचा. विधुराला सोबत हवी हे खरं, पण निवड तरी पाहा, असं बाई म्हणायच्या.

चित्रपट आपल्यातल्याच बालाचा. पोराकडे भुताला रंग फासण्यापुरतेही पैसे नव्हते. म्हणून त्याने गोष्ट अशी रचली, की ओसाड मंगल कार्यालयात जुन्या लग्नाची कॅसेट सापडते आणि भूत त्या कॅसेटीतच असतं. कॅसेट मात्र खरी, जवळच्या साक्कोट्टै गावातल्या एका लग्नाची, व्हिडिओवाल्याच्या माळ्यावर पडलेली. पंगतीमागून एक बाई येते आणि कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरते. बालाने तेवढाच तुकडा संथ केला, काळपट केला, खाली घूं घूं आवाज भरला. चित्र थरथरतं, त्यात मुंग्या येतात, हे खरोखरच घडलंय असं वाटतं आणि पोरं एकमेकांना बिलगतात.

पहिल्या दिवशी रावही दचकले, पण वेगळ्या कारणाने. ती त्यांची मीनाक्षी होती.

मीनाक्षीला कॅमेऱ्याचं भारी वावडं. कुठल्याही लग्नात वाढपात पुढे, आणि कॅमेरा वळला की हात आडवा, माझं काय काढता, पंगत काढा. त्यामुळे ती गेल्यावर घरात उरला तो त्यांच्या लग्नातला एक फोटो, त्यातही मान खाली. आता पडद्यावर ती सावकाश हात उचलायची, सावकाश मान वळवायची. थिएटर किंचाळायचं आणि राव केस सारखे करायचे.

शुक्रवारी चित्रपट उतरणार असं कळलं, तसे ते तेवढा तुकडा मागायला बालाकडे गेले. सगळं ऐकून पोराचं तोंड उतरलं. मामा, मला ठाऊकच नव्हतं, म्हणत त्याने हात जोडले आणि मूळ कॅसेटीतला तुकडा काढून लावला. लख्ख उजेड, हिरवं लुगडं, वेणीत मोगरा. बाई आली, हात आडवा धरला, निघून गेली. पापणी लवायच्या आत. मीनाक्षी या जगातूनही अशीच गेली होती, कॉफी गाळता गाळता.

बालाने विचारलं, "हाच घालू ना मामा तुमच्या फोनात? भुताचा पुसूनच टाकतो."

रावांनी तो तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला.

"ही फार घाईत आहे रे," ते म्हणाले. "मला भूतच दे. तो घूं घूं आवाज तेवढा काढ."