कागदावरचं दुखणं

आमचे काका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारत आले. दिवसाला सहाशे तरी. शेवटी उजव्या कोपरानं बंड पुकारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टेनिस एल्बो. जन्मात रॅकेट हातात न धरलेल्या माणसाला टेनिस! काकांना तो आरोपच वाटला.

वर्षभर गोळ्या, पट्टा, व्यायाम सगळं झालं. कोपर काही बधेना. मग शॉक वेव्हचे उपचार ठरले. काकांनी घाबरून घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टासुद्धा काढून माझ्या हाती दिला.

"अहो, वीज नाही सोडत. नुसते दाबाचे ठोके असतात," बाई म्हणाल्या.

यंत्राचं टोक कोपरावर टेकलं आणि टकटकटक सुरू झालं. दोन हजार ठोके.

"कागदाला काय वाटत असेल, ते आज कळलं," काका दात आवळून म्हणाले.

सुरुवातीलाच बाईंनी विचारलं होतं, शून्य ते दहात दुखणं किती? काकांनी सात सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. आठवड्याला एक अशा तीन बैठका झाल्या, दर वेळी सात. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तरी सातच. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही म्हणून बाईंनी सोमवारची तारीख दिली. नुसती सुई पाहून घेरी येणारे आमचे काका. जेवणच तुटलं त्यांचं.

शनिवारी काकूला बरणीचं झाकण उघडेना. काकांनी उजव्या हातानं ते एका झटक्यात फिरवून दिलं.

"दुखलं नाही?" काकूनं विचारलं.

"छे. महिना झाला, दुखत नाही."

"मग सोमवारी कापून काय घेताय?"

"कागदावर दुखतंय ना! पहिल्या दिवशी सात लिहिलंय. मागच्या नोंदीशी पुढची जुळायला नको?"

मी कपाळावर हात मारला. चांगला शहाणासुरता माणूस, एका आकड्याचा मान राखायला हात कापून घ्यायला निघाला होता! मला हसूही येत होतं आणि संतापही. काकू मात्र हसली नाही. ती खुर्चीत बसली.

"लग्न झाल्यावर मी विचारलं, कसं वाटतंय? तुम्ही म्हणालात, ठीक. तेव्हापासून रोज ठीक. सासूबाई गेल्या त्या दिवशीही ठीक. तीही नोंदच जुळवत होतात का?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला. मग त्यांनी मला बाईंचा नंबर लावायला सांगितला.

"बाई, कोपर दुखत नाही. आधीच सांगायला हवं होतं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला आणि ते काकूकडे वळले.

"आई गेली ना, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो आणि जुन्या फायलींच्या खोलीत आतून कडी लावून रडलो. रोज जायचो. चार महिने."

काकूनं खुर्ची पुढे ओढली. "सांगा," ती म्हणाली.