तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यांमधली बासरी

माझा नवरा सुट्टीच्या दुपारी मागच्या खोलीचं दार लावून बसायला लागला, तेव्हा पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. तो नरोलीच्या सूत कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटातून आलेल्या माणसाला थोडा एकांत हवा असणारच. मी सिल्वासात मराठी शिकवते. शाळेतून आल्यावर मलाही कुणाचा आवाज नकोसा होतो. पण मी दार लावून घेत नाही.

दारावर टकटक केली तरी उत्तर यायचं नाही. शेवटी दार ढकलून आत गेले, तर हा हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. फोन मांडीवर पालथा.

"काय ऐकतोस एवढं?"

"अल्बम आहे. मध्ये थांबवता येत नाही."

"गाणी थांबवता येत नाहीत?"

"ही सुटी गाणी नाहीत. सगळी मिळून एकच गोष्ट आहे. एक गाणं संपतं तिथंच दुसरं सुरू होतं. मधलं काही सोडलं तर मजा जाते."

रॉक संगीताचं हे वेड त्याला धुळ्याच्या होस्टेलमध्ये लागलं होतं. सिल्वासात आमची ओळख झाली तेव्हाही त्याने या अल्बमबद्दल सांगितलं होतं आणि मी हसले होते. आता मात्र हसू येईना. गोष्ट काय, असं विचारलं तर म्हणाला, एक माणूस घर सोडून समुद्रावर जातो. परत येतो तेव्हा त्याला कुणी ओळखत नाही.

हेच का ऐकावंसं वाटतं याला सारखं?

मग मला बाकीचं दिसायला लागलं. तो फोनवर बोलेनासा झाला होता. कुणाचा फोन आला की कापायचा आणि मग मेसेज टाइप करत बसायचा. मलाही म्हणायचा, "फोन नको करू, मेसेज टाक." जेवताना मी काही सांगितलं की नुसता "हं" म्हणायचा, आणि तो हं भलत्याच ठिकाणी पडायचा. शेजाऱ्यांच्या ओट्यावर गप्पांना जाणं त्याने बंद केलं होतं. त्याच्या मनात कुणीतरी बाई आहे, हे मी जवळजवळ ठरवून टाकलं. अल्बम म्हणजे निमित्त.

एका दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. "मलाही ऐकव. पहिल्यापासून."

तो गडबडला. माझा संशय आणखी पक्का झाला. पण त्याने हेडफोनची वायर काढली आणि छोटा स्पीकर लावला. आवाज इतका मोठा ठेवला की मी कमी करायला लावला.

मी कोकणातली. दशावतारात गाण्यांतून गोष्ट पुढे सरकते ते लहानपणापासून पाहिलेलं. पण तिथे राजा समोर उभा असतो. इथे समोर काहीच नाही, इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळणारे. तरी दुसरं गाणं संपेपर्यंत मी गुंतले होते. सुरुवातीला बासरीवर वाजलेली एक चाल दुसऱ्या गाण्यात गिटारवर आली, थोडी रागावलेली. ओळखीचं माणूस वेगळ्या कपड्यांत दिसावं तसं वाटलं. तिसरं गाणं हळूहळू विरत गेलं आणि त्याच्या तळाशी तीच बासरी पुन्हा आली, अगदी बारीक.

"ही पहिलीच चाल ना?" मी म्हटलं.

"कुठली?"

"आत्ता वाजतेय ती. बासरी."

त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेलं. कान स्पीकरला जवळजवळ टेकवला.

"आहे तिथं?" त्याने विचारलं.

"आहे की. का?"

"मला वाटलं, काढून टाकली," तो म्हणाला. "होस्टेलच्या कॅसेटमध्ये होती. मला पाठ आहे ती जागा. या फोनवरच्या कॉपीत मिळत नव्हती, म्हणून दुसरी घेतली, तिसरी घेतली. म्हटलं, हल्ली असंच करतात हे लोक, कापाकापी."

मी त्याचा अल्बमवरचा संशय ऐकत होते आणि माझा त्याच्यावरचा संशय मात्र एकेक करून सुटत होता. कापलेले फोन, चुकीचे हं, मोठा आवाज. "तुझ्या कानांचं काहीतरी आहे," मी म्हटलं. त्याने स्पीकर बंद केला. मग म्हणाला, "कारखान्यात, आमच्या खात्यात कुणाला सांगू नको."

दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी यंत्रांबद्दल विचारलं. कारखान्याकडून कानात घालायचे बोळे मिळालेले होते, पण ते घातले की यंत्राचा बदललेला आवाज कळत नाही, म्हणून हा ते गळ्यात लटकवून फिरायचा. बारीक, उंच आवाज गेले होते आणि ते परत येणार नव्हते. उरलेलं सांभाळायचं, एवढंच हातात होतं.

खात्यात सांगण्यावरून आमचं दोन-तीनदा जोरात वाजलं. शेवटी त्याने स्वतःच सांगितलं. आता तो माल रवाना करण्याच्या विभागात आहे. कानात मशीन आहे.

अल्बम आम्ही आता बरोबर ऐकतो. ती जागा आली की मी विचारायचे, "आली?" तो म्हणायचा, "आली." पण म्हणताना माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मला पटायचं नाही. म्हणून मी विचारणं सोडलं, त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसू लागले.

गेल्या सुट्टीला तिसरं गाणं विरलं आणि तो आपणहून म्हणाला, "आज नाही आली."

"वाजून गेली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. गाणं मागे नेलं नाही. चौथं सुरू झालं.